लतीफ मापाड्याची बारा कडवी

लतीफभाईंच्या तोंडून मी कधी ‘एक’ हा आकडा ऐकला नाही. ते मापाडी होते. बाजारात धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, बरकत म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीचे मापाडी बाजार उठला की ती रीत तिथंच सोडून घरी जात. लतीफभाई ती अंगावर घेऊन हिंडत. हॉटेलवाल्या रामकिसननं विचारलं, “चहा किती?” तर म्हणत, “बरकत. साखर कमी.” लेकरं किती, असं कुणी नव्या माणसानं विचारलं तर, “बरकत लेक हाय, शमीम.” एस.टी.त चढले की कंडक्टरकडे “बरकत तीर्थपुरी” मागत. तो ओळखीचा कंडक्टर मुद्दाम सगळ्या उतारूंसमोर विचारायचा, “चाचा, अर्धं का पुरं?”

“बरकतीचं अर्धं नसतंय, बाबा. पुरंच फाड.”

हे मी आधी सांगतो, कारण हे सांगायला सोपं जातं.

मागच्या वर्षी एक सीडी निघाली. मराठवाड्यातली जुनी बाजारगीतं म्हणून तिचं बरंच कौतुक झालं. तिच्या वेष्टनावर छापलंय : गीते – पारंपरिक. गायक – अज्ञात. संकलन – आणि पुढे माझं नाव. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खोट्या आहेत आणि तिसरी त्याहून खोटी. त्या सीडीवरची बाराही गाणी शेख लतीफ मापाडी, राहणार कुंभार पिंपळगाव, यांनी रचली. चाली त्यांच्या, आवाज त्यांचा. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं वय आता त्र्याहत्तर आहे. झोप कमी झाली आहे, आणि बसल्या जागी नीट बसवत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

मी एक्क्याऐंशी साली पिंपळगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दोनेक वर्षांत कॅसेटी भरून द्यायचं कामही सुरू केलं. दुकानासमोर बाजाराची धान्याची बाजू होती. बाजाराच्या दिवशी सकाळपासून ज्वारी-बाजरीच्या राशी पडत आणि त्यांच्यामध्ये लतीफभाई एका गुडघ्यावर बसलेले दिसत. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, हातात लोखंडी पायली. पायली राशीत खुपसायची, वर धान्याची टोकदार शीग चढू द्यायची आणि पोत्यात रिकामी करायची. तोंडानं सारखा आकडा चालू : “बरकत रे बरकत, बरकत रे बरकत, दोन रे दोन, दोन रे दोन...” पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा म्हणत राहायचा, म्हणजे चुकत नाही. पण लतीफभाईंच्या आकड्याला चाल असे. दहा झाले की चाल बदले, वीसनंतर पुन्हा बदले. बायका भाजी घ्यायची सोडून ऐकत उभ्या राहत.

आडत्यांचे मुनीम मापाड्याला मोजताना बोलण्यात गुंतवत. आकडा चुकला तर त्यांचा फायदा. एक मुनीम तर त्यात पटाईत होता. सातव्या पायलीला त्यानं विचारलं, “काय लतीफभाई, लेकीचं कुठं जमलं का?” लतीफभाईंनी हात न थांबवता चालीतच उत्तर दिलं, “सात रे सात, मुनीमाचे लांब हात, लेक माझी सुखात, सात रे सात.” सगळा बाजार हसला. मुनीम पुढचे दोन बाजार त्यांच्या राशीकडे फिरकला नाही.

आणि एकदा ते खरंच चुकले. एकोणीस म्हणाले का अठरा, त्यांचं त्यांनाच कळेना. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी भरलेली पोती उचलून सगळी ज्वारी पुन्हा राशीवर ओतली. ज्याची ज्वारी तो माणूस वैतागला. “चाचा, माझी गाडी जाईन ना!”

“गाडी उद्याबी हाय. उनं गेलेलं दानं उद्या येनार हायेत का?”

आणि पुन्हा सुरू, “बरकत रे बरकत.”

स्वस्थ बसणं त्यांना माहीतच नव्हतं. दुकानात आले तरी उभे राहत, तेही एका जागी नाही. दारापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून दारापर्यंत. बोलताना हात चालू. रेडिओ उघडलेला दिसला की आत वाकून बघत आणि म्हणत, “ह्याच्यात आवाज कुठं भरून ठेवत्यात, शामभाऊ? कोपरा तर दिसत न्हाई.” कुणी कुणाची कुचाळकी करायला लागला की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : “रिकामं माप पालथं ठेवावं, न्हाई तर त्यात काहीबी पडतंय.” आमच्या बाजारात अजूनही वायफळ बोलणाऱ्याला ‘ह्याला पालथा ठेवा’ म्हणतात. म्हणणाऱ्यांना हे कुणाचं वाक्य आहे ते ठाऊक नसतं. ते एक असो.

गाणी ते सायकलवर रचत. पिंपळगाव ते तीर्थपुरी, तीर्थपुरी ते पिंपळगाव. सायकलला घंटी नव्हती, गाण्यावरच भागत असे. लिहिता येत नव्हतं, उर्दूत सही तेवढी करत. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव असे. जुन्या रचनाकारांची तशी पद्धतच आहे, पण लतीफभाईंचं कारण वेगळं होतं. मी एकदा विचारलं, “प्रत्येक वेळी नाव घालायलाच पाहिजे का हो?”

ते काउंटरकडे येता येता थांबले. “रास मोजून झाली आन त्या दिवशी उचलली न्हाई, तर आपुन काय करतो?”

“ठप्पा मारतो.”

हे वाचणाऱ्यांतल्या शहरी माणसांसाठी सांगतो. मोजलेली रास बाजारात उघडी राहणार असेल तर तिच्यावर ओल्या राखेनं लाकडी ठसा उमटवतात. कुणी मूठभर धान्य जरी काढलं तरी ठसा मोडतो आणि सकाळी कळतं.

“बस. तसंच हाय हे,” लतीफभाई म्हणाले. “गानं बाजारात उघडं पडून ऱ्हातंय. वर ठप्पा पायजे.”

शिवाय त्यांचं नावाचं कडवं नुसतं नावापुरतं नसायचं. सगळ्या गाण्याची शीग तिथं चढायची. त्यांचं लेकीच्या पाठवणीचं गाणं आपल्या जिल्ह्यात कुणी ऐकलं नाही असं होणार नाही. गेली पंधरा वर्षं लग्नात वाजतंय. ‘माय देते चिपटंभर, बाप देतो पायली, सासऱ्याच्या दारी लेकी, नको मोजू सावली.’ लोकांना वाटतं, त्यात लेकीला दिलेले पाच उपदेश आहेत आणि गाणं संपतं. नाही. त्याला सहावं कडवं आहे :

लतीफ मापाडी म्हने, उभा जन्म मोजलं,
लेकीच्या डोळ्यातलं पानी मापात न्हाई मावलं.

गाणं त्या दोन ओळींसाठी होतं.

रेकॉर्डिंगची कल्पना माझी. माझ्याकडे एक बरा माइक आणि दोन कॅसेटी एकदम चालणारा टेप होता. एका सकाळी दुकानाचं शटर खाली ओढून लतीफभाईंना माइकसमोर उभं केलं. आवाजच निघेना. निघाला तो असा, की पोलिसापुढं जबाब द्यायला उभा केलेला माणूस बोलतोय. दोन तास गेले. घामाघूम होऊन ते म्हणाले, “शामभाऊ, हात बांधून गानं येत न्हाई मला.” मग मला सुचलं. रामकिसनच्या घरून ज्वारीचं पोतं आणलं, दुकानातल्या फरशीवर ओतलं आणि त्यांच्या हातात पायली दिली. ते गुडघ्यावर बसले. या राशीतून भरायची, त्या राशीवर ओतायची, आणि गायचं. दोन सकाळींत बारा गाणी झाली. प्रत्येक ओळीच्या शेवटी ज्वारी पडल्याचा खस्स असा आवाज आहे. पुढे सीडीबरोबरच्या पुस्तिकेत त्याबद्दल लिहून आलं की, या गीतांच्या साथीला एक अनोळखी लोकवाद्य वाजते, त्याचे नाव आता कुणाला सांगता येत नाही.

एका बाजूला सहा गाणी, दुसऱ्या बाजूला सहा. साठ मिनिटांची फीत काठोकाठ भरली. साठ-सत्तर कॅसेटी मी दुकानातच भरल्या, पिवळ्या कागदाचं वेष्टन घातलं आणि त्यावर छापलं : बाजारगीते, लतीफ मापाडी. पंचक्रोशीतल्या जीपगाड्यांत, हॉटेलांत त्या वाजायला लागल्या. लतीफभाई रामकिसनच्या हॉटेलासमोरून जाताना आपलंच गाणं ऐकून पाय उचलत चालत, जणू कुणी हाक मारून उधारी मागेल. पण वळून पुन्हा त्याच रस्त्यानं येत. मी बघत असे.

मग ब्याण्णव-त्र्याण्णवचे दिवस आले. हवा वाईट होती. आमच्या बाजारात काही झालं नाही, पण माणसं नाव विचारून मग बोलायला लागली होती. अशात जालन्याच्या एका ठोक व्यापाऱ्यानं मला बोलावलं. त्याला ती कॅसेट हवी होती, मोठ्या प्रमाणावर काढायला. गाद्यांवर बसून त्यानं पूर्ण ऐकली. म्हणाला, “शामराव, माल फस्टक्लास. पन हरेक गान्याच्या शेवटाला त्या चाचाचं नाव येऊन राह्यलंय.”

“त्यांचीच गाणी आहेत.”

“आसतील ना! म्या कुठं न्हाई म्हनलं? पर कॅसेट लग्नात वाजायची. सध्या दिवस कसले हायेत ते तुम्हीबी बघून राह्यले. ऐन मांडवात नाव आलं की एखादा उठतो आन बंद करतो. मंग दुसरा भांडतो. कशाला लफडं? तेवढं शेवटचं कडवं काढा. गानं पायजेच हाय लोकायला.”

मी त्याच वेळी उठायला हवं होतं. माझ्या घरात काही कमी नव्हतं. मला फक्त माझ्या दुकानाच्या नावाची कॅसेट जालन्याच्या दुकानांत मांडलेली बघायची होती. एवढंच. इतक्या वर्षांत मी याची बरीच कारणं तयार केली, एकही टिकलं नाही.

एका दुपारी मी बाराही गाण्यांची नवी फीत केली. गाणं सुरू करायचं, शेवटच्या कडव्याआधी बटण दाबायचं, पुढचं गाणं. बारा वेळा दाबलं. पाठवणीच्या गाण्यात लतीफभाईंनी नावाच्या कडव्याआधी दम घेतलाय, तो तसाच राहिला. माझं बोट जरा उशिरा पडलं. सीडीवर आजही तो दम ऐकू येतो. लतीफभाई श्वास आत ओढतात आणि गाणं संपतं.

नव्या कॅसेटीच्या वेष्टनावर नुसतं ‘बाजारगीते’ आलं. खाली माझ्या दुकानाचं नाव. आणि जुन्या मूळ फितीवर मी पुढे पुतण्याच्या लग्नातला बँड भरला. तेव्हा मोकळी फीत दिसली की मी ती सोडत नसे.

लतीफभाईंना सांगितलं, जालन्याच्या व्यापाऱ्याची फीत आखूड आहे, शेवटची कडवी बसत नाहीत.

ते दारातून काउंटरपर्यंत आले, परत गेले. “सगळी बाराच्या बारा?”

“सगळी.”

“बराबर. माप लहान आसंल तर त्याला कोन काय करनार.” आणि गेले. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या बाजारी पोती उचलून झाल्यावर ते आले ते उभ्यानंच गायला लागले. पाठवणीचं गाणं, पण चौथं कडवं गाळलेलं. “मधलं बरकत काढलं, शामभाऊ. आता बसंल ना शेवटचं?”

मी म्हणालो, आता कॅसेट छापून झाली.

त्याच्या पुढच्या बाजारी दुसरं गाणं. चाल घाईची केली होती, सगळी कडवी तीच. “जल्दी म्हनलं तर बसतंय बघा. घड्याळ लावा.” मी म्हणालो, यंत्रच तसं आहे. तिसऱ्या बाजारी तिसरं. धडधाकट गाण्याचे ते स्वतःच्या हातानं हातपाय कापून आणत होते, डोकं तेवढं राहावं म्हणून. मी दर वेळी यंत्राची एक नवीन अडचण सांगत होतो.

मग तो दिवस. भर दुपार होती, रामकिसनच्या हॉटेलात नवी कॅसेट लावलेली. पहिली बाजू संपली. रामकिसन फीत उलटायला उठला तर लतीफभाई म्हणाले, “थांब. चालू दे.” फीत नुसतीच फिरत होती, खरखर येत होती. लतीफभाई उभे, बशी हातात, आणि ओठांत पुटपुटत होते. मी समोरच्या बाकावर होतो. मला कळलं, ते काय करतायत. ते मोजत होते. धान्य मोजायच्या लयीत, कोरी फीत.

खटकन बटण वर आलं. लतीफभाईंनी बशी खाली ठेवली.

“शामभाऊ, माझ्या बरकत कडव्याला चार पायल्या भरायला जितका येळ लागतो तितका येळ लागतो. सहा कडव्याच्या चोवीस पायल्या. हितं सव्वीस उरल्या.” मग म्हणाले, “फीत तर उरली हाय की, भाऊ.”

रामकिसन माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. मी रस्ता ओलांडून दुकानात गेलो आणि एका चालत्या रेडिओचं मागचं झाकण उघडून बसलो.

त्यानंतर लतीफभाई दुकानात आले नाहीत. मापं मोजत राहिले, पण नुसतं मोजायचे. बरकत, दोन, तीन. चाल नाही. बायका विचारत, “चाचा, घसा बसला का?” ते मान हलवत. पुढे सगळीकडे वजनकाटा आला आणि पायलीचं काम बंद झालं. शमीम सासरी टेंभुर्णीला होती, ती बापाला घेऊन गेली. मी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि जालन्याला राहायला आलो.

पुण्याहून निखिल नावाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी आला. त्याला भंगारात ती कॅसेट सापडली होती आणि वेष्टनावरच्या दुकानाच्या नावावरून माझा माग काढत तो घरापर्यंत पोचला. भला मुलगा. हेडफोन माझ्या कानांना लावून म्हणाला, “काका, हा शेवटचा श्वास ऐका. काय सुंदर जागी गाणं सोडलंय! हा माणूस कोण होता?”

मी उत्तर दिलं ते शब्दशः लिहितो. मी म्हणालो, “बाजारातला कुणीतरी मापाडी होता. नाव लक्षात नाही.”

नाव सांगितलं असतं तर त्यानं पुढे विचारलं असतं, कॅसेटवर का नाही? त्या एका प्रश्नाला भिऊन मी नाव विसरलो. त्यानं मला संकलक केलं, मी होऊ दिलं. सीडी निघाली, वर्तमानपत्रांत लिहून आलं, आणि पिंपळगावच्या एका मंडळानं माझा सत्कार ठेवला. शाल अंगावर पडली. टाळ्या चालू असताना मागच्या रांगेतून रामकिसन उठला. आता काठी घेऊन चालतो. ओरडून म्हणाला, “शामराव, शाल चांगली हाय. लतीफ कुठंय?”

अध्यक्षांना वाटलं, तो कुणा हरवलेल्या माणसाला शोधतोय. त्यांनी माइकवरून पुकारलं, “लतीफ नावाचं कुणी असेल तर मंचाजवळ यावं.” दोनदा पुकारलं.

त्या आठवड्यात मी टेंभुर्णीला गेलो. निखिलनं दिलेलं छोटं रेकॉर्डर बरोबर होतं. शमीमच्या नवऱ्याची पिठाची गिरणी आहे, घर तिथंच मागं. अंगणात लतीफभाई भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते. टोपी तीच, नजर गेलेली.

“लतीफभाई, मी शामराव.”

“हाव, आवाज वळखीचा हाय. खोटं बोलताना बारीक व्हायचा, तसाच झालाय.”

शमीमनं खुर्ची आणली. मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं : व्यापारी, मांडव, नाव, बारा वेळा दाबलेलं बटण, निखिल, शाल. लतीफभाई चालत ऐकत होते. या टोकाला गेले की मी मान इकडे वळवायची, त्या टोकाला गेले की तिकडे. सांगून संपलं तेव्हा ते थांबले.

“फितीचं खोटं हाय हे मला हाटेलातच कळल्तं. पर काढलं कामून ते आज सांगितलं तुम्ही.”

“तुम्हाला काय वाटलं होतं?”

“मला वाटलं, कडवी कच्ची हायेत.” ते अगदी साधेपणानं बोलत होते. “शामभाऊ शिकलेला मानूस. त्याला पटली नसतील, तोंडावर सांगायला लाजून राह्यला आसंल. म्हनून काढली.”

नावासाठी काढली हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याबद्दल त्यांनी तेवढं चांगलं धरून ठेवलं होतं, आणि त्याची किंमत स्वतःच्या गाण्यानं भरली होती.

शमीम चुलीपासून रागानं उठून आली. “चाचा, बारा-तेरा बरस होऊन राह्यले. अब्बा रोज चलते-चलते वोच कडव्या बदलते रहते. आज ऐसा, कल वैसा. मैं बोली, अब्बा, अच्छेच थे पैले के. सुनतेच नहीं.”

“गप गं,” लतीफभाई म्हणाले. मग माझ्याकडे, आवाजाच्या दिशेनं, “यंत्र आनलंय म्हनता?”

“आणलंय. तुम्ही ती बारा कडवी म्हणा. मी निखिलला सांगून जागच्या जागी बसवून घेतो.”

“मला आता न्हाई येत.”

“म्हणजे?”

“पयली कशी व्हती तेच ध्यानात न्हाई. इतक्यांदा बदलली, पार भुस्कट झालं. तुम्ही कापली ना? कापनाराच्या ध्यानात ऱ्हातंय. तुम्ही म्हना.”

मला गाता येत नाही. शाळेतसुद्धा मला प्रार्थनेत मागे उभं करत. पण त्या अंगणात, गिरणीवर दळणाला आलेल्या चार बायकांसमोर, मी रेकॉर्डर चालू केलं आणि लतीफभाईंचं नाव घेऊन गायलो. पाठवणीचं कडवं आधी. ‘लतीफ मापाडी म्हने, उभा जन्म मोजलं...’ दुसरी ओळ संपली तेव्हा लतीफभाई भिंतीला हात लावून उभे होते.

“हे तर बराबर व्हतं की,” ते म्हणाले.

दुसरं म्हटलं. तिसरं. एका ठिकाणी चाल चुकली, त्यांनी हातानं खाली दाबून दाखवलं. प्रत्येक कडव्याला ते मान हलवत होते, दुसऱ्या कुणाची चांगली रचना पहिल्यांदा ऐकावी तशी. “चांगलं हाय. बिलकुल चांगलं हाय.” नऊ झाली. दहाव्याला माझ्या तोंडात ‘लतीफ मापाडी म्हने’ एवढंच आलं. पुढे काही नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच. अकरावं, बारावं, तसंच. पाण्याचा तांब्या आणला, पाणी प्यालो, बसलो, उठलो. नाही.

“ऱ्हाऊ द्या,” लतीफभाई म्हणाले. मग लगेच, “पर आनखी बरकत येळ बघा.”

मी घरी येऊन निखिलला फोन केला. तो म्हणाला, “काका, मी विचारलं होतं तुम्हाला.” पुढच्या आवृत्तीत गीत, चाल आणि आवाज शेख लतीफ मापाडी यांचा असं छापायचं त्यानं कबूल केलंय. माझं नाव काढायलाही मी सांगितलंय. नऊ गाण्यांच्या शेवटी माझ्या फाटक्या आवाजातली कडवी लागतील, लोक हसतील, हसू देत. तीन गाणी मात्र उघडी आहेत : विहिरीचं, मेथीच्या जुडीचं आणि आंधळ्या बैलाचं. पिवळ्या वेष्टनाची पहिली कॅसेट कुणाच्या माळ्यावर असेल, जीपच्या जुन्या टेपात अडकलेली असेल, तरी चालेल. वाजत नसली तरी फेकू नका. रामकिसनची घासून तुटली, शमीमकडे कधी नव्हतीच; मी माणसं पाठवून पाठवून विचारतो आहे. परवा कुणीतरी सांगितलं, घनसावंगीकडे एकाकडे आहे. गेलो. ती दुसऱ्या खेपेची निघाली, माझीच.

त्या दिवशी लतीफभाई मला टेंभुर्णीच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. शमीम त्यांचा हात धरून होती, तरी तेच पुढे. गाडी लागली, मी खिडकीची जागा धरली. शमीम कुणा बाईशी बोलत उभी राहिली आणि लतीफभाई तिचा हात सोडवून स्टँडच्या कुंपणाच्या कडेनं चालायला लागले. बोटं तारेवरून फिरवत पाच-सात पावलं पुढं, मग वळून मागं. ओठ हलत होते. मधेच थांबले, मान नकारार्थी हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते काय म्हणतायत ते ऐकू यावं म्हणून मी खिडकीची काच सरकवायला गेलो, ती गंजून बसली होती. दोन्ही हात लावले, शेजारच्या माणसानंही जोर दिला. गाडीचं इंजिन सुरू झालं आणि सगळी काच थरथरायला लागली. लतीफभाई कुंपणाच्या टोकाला पोचले होते, वळत होते.